फिरवलेलं दार

त्या रांगेतल्या घरांना दोन तोंडं होती. एक वरच्या रस्त्याकडे, दुसरं खालच्या गल्लीत. आता दोन तोंडांची माणसं आपण रोजच बघतो, तेव्हा घरांचं काय एवढं मोठं. पण वरचा रस्ता होता शहराचा, आणि खालची गल्ली होती शेजारच्या लहान गावाची. दोघांच्या नगरपालिका वेगळ्या, आणि हद्दीची रेघ बरोबर या घरांच्या पोटातून गेलेली. कुणाच्या स्वयंपाकघरातून, कुणाच्या पलंगाखालून. नियम असा होता की मुख्य दार ज्या रस्त्यावर उघडेल, त्या रस्त्याच्या मालकाला घरपट्टी द्यायची. शहराची घरपट्टी खालच्या गावाच्या चौपट. घर तेच, विटा त्याच, गळणारं छप्परही तेच. फक्त तोंड कुणीकडे, एवढ्यावर चौपट.

पुढे काय झालं असेल हे सांगायला ज्योतिषी नको. एका शहाण्याने वरच्या रस्त्यावरचं दार बुजवलं आणि मागच्या दारावर घराची पाटी लावली. शेजाऱ्याने पहिल्यांदा नावं ठेवली, मग हळूच विटांचा भाव विचारला. बघता बघता 'दार फिरवणं' हा शब्दच रांगेत रुळला. अमक्याने दार फिरवलं का, तमका कधी फिरवतोय, अशा गप्पा चहाबरोबर व्हायला लागल्या. शहरालाही हे कळत होतं, म्हणून त्यांनी अट घातली की नुसतं कुलूप चालणार नाही, दार विटांनी बुजवलं पाहिजे. तपासनीस येऊन लोखंडी कांबीने भिंत ठोकून बघायचा. पोकळ वाजली तर चौपट पट्टी तशीच चालू.

दारं फिरवायचं काम सगळे एकाच माणसाला सांगायचे. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. तो खालच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत राहायचा, अंगाने किडकिडीत, बोलायला तिखट. त्याच्या भिंतीवर तपासनिसाची कांब कधी पोकळ वाजली नाही. "मी कच्चं काम करत नाही," असं तो दिवसातून एकदा तरी म्हणायचा, आणि ते खरंही होतं. त्याच्या शेजारी एक इस्त्रीवाली राहायची. ती एकदा कोळसे फुंकता फुंकता म्हणाली, "तुम्ही वरच्या लोकांना आमच्या गल्लीत आणताय, पण त्यांना इथली पट्टी हवी, इथला चिखल नको. नळ वरचा, शाळा वरची, दिवे वरचे. आमच्या गल्लीत त्यांचं फक्त दार."

"मग तुला काय त्रास आहे? तुझ्या गावाची तिजोरी भरतेय."

"भरू दे की. माझ्या घरासमोर गटार झालं म्हणजे सांगा."

मिस्त्री हसला. त्याला तिचं म्हणणं पटलं होतं, पण पटलेलं सगळं बोलून दाखवलं तर धंदा कसा व्हायचा?

रांगेतलं एकच दार फिरलं नव्हतं, आणि नेमकं ते त्याच्या सख्ख्या बहिणीचं होतं. ताईचा नवरा, म्हणजे त्याचे दाजी, शहराच्या अग्निशमन दलात बंब चालवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी रुबाब गेला नव्हता. दलात एक पद्धत पडली होती. वरच्या रस्त्याने बंब किंवा दलाची रुग्णवाहिका गेली की दाजींच्या दारासमोर एकदा घंटा वाजायची. दाजी आतून हात वर करायचे. बाहेरच्यांना तो हात दिसायचा की नाही देव जाणे, पण ते जेवता जेवतासुद्धा करायचे, आणि ताई म्हणायची, "घास तरी खाली ठेवा."

मिस्त्रीने त्यांना कितीदा तरी समजावलं होतं. "दाजी, अख्खी रांग फिरली. शहराचा गल्ला आटला म्हणून त्यांनी उरलेल्यांची पट्टी आणखी वाढवली. जे गेले त्यांचं ओझं तुमच्या डोक्यावर. हा कुठला न्याय?"

"न्याय नाहीच," दाजी म्हणायचे. "पण अन्याय कुणी केला? शहराने, की पळून गेलेल्यांनी? मी तीस वर्षं ज्या बंबावर बसलो, त्याचं डिझेल काय आभाळातून पडत होतं? आणि ज्या दाराने बंब यायचा, तेच दार बुजवू? उद्या आग लागली तर काय, खालच्या गल्लीतून बादल्या मागू?"

"आग रोज लागत नाही दाजी. पट्टी दरवर्षी लागते."

दाजी मनापासून हसले होते. "म्हणूनच तू मिस्त्री झालास आणि मी बंब चालवला."

त्यानंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. इस्पितळात ते डोळे उघडून छताकडे बघत पडलेले असायचे आणि ताई बाहेरच्या बाकावर बसून राहायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मिस्त्री तिला डबा घेऊन गेला, तेव्हा ती डब्याकडे न बघताच म्हणाली, "उद्या विटा घेऊन ये."

इतके दिवस तो हेच तिच्या कानीकपाळी ओरडत होता. पण आता ती म्हणाली तर यानेच उलट विचारलं, "दाजींना विचारलंस?"

"कसं विचारू? ते बोलतायत कुठे?"

"म्हणजे त्यांना सांगायचंच नाही?"

"औषधं आहेत, मालीशवाला आहे, घरी नेल्यावर एक बाई ठेवावी लागेल. पेन्शन किती ते तुला माहीत आहे. वर शहराची पट्टी. मी काय काय भरू?" तिचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "सगळ्यांनी फिरवलं रे. आम्ही दोघांनीच काय पाप केलंय?"

मिस्त्रीने डबा उघडून तिच्यापुढे धरला.

दुसऱ्या दिवशी तो विटा घेऊन गेला. इतरांकडे तो एका विटेची पातळ भिंत घालायचा, तेवढ्यावर तपासनीस खूश असायचा. पण बहिणीच्या घरी हात आखडता कसा घ्यायचा? त्याने चौकटीच्या बाहेरच्या अंगाला जाड भिंत घेतली, दोन्ही बाजूंच्या जुन्या भिंतींना दात पाडून नव्या विटा त्यांत गुंतवल्या, सिमेंट सढळ हाताने घातलं. बाहेरून गिलावा केला. आठवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ येऊन भिंतीला पाणी मारलं. एवढी माया त्याने आयुष्यात दुसऱ्या कुठल्या भिंतीवर केली नव्हती.

आतलं लाकडी दार मात्र ताईने काढू दिलं नाही. "ते असू दे. बंद असू दे, पण असू दे. त्यांना पलंगावरून दिसेल." नियम बाहेरच्या बाजूचा होता, आत कुणी बघत नव्हतं. म्हणून चौकट राहिली, फळ्या राहिल्या, कडी राहिली. आतून पाहिलं तर जसंच्या तसं दार. कडी काढून उघडलं तर समोर वीट.

तपासनीस आला. त्याने कांब आपटली आणि मान डोलावली. "वा, असं काम पाहिजे." मिस्त्रीला एरवी अशा शब्दांनी चढलं असतं. त्या दिवशी त्याने नुसती पिशवी उचलली आणि घरी गेला.

दाजींना घरी आणलं ते खालच्या गल्लीतून, मागच्या दाराने. ताईने सांगितलं की वरचा रस्ता खणलाय. धडधडीत खोटं. आणि खोट्याचं असं असतं की एकाला टेकू द्यायला दुसरं लागतं. दाजी पलंगावरून दाराकडे बघायचे आणि जड जिभेने म्हणायचे, "दा…र." ताई म्हणायची, "वारं लागेल हो. डॉक्टरांनी नको म्हटलंय." ते दोन दिवस गप्प बसायचे, मग पुन्हा, "दा…र."

मग घंटा बंद झाली.

दलातल्या माणसांना रस्त्यावरून भिंत दिसत होती. बंब गडगडत यायचा आणि तसाच निघून जायचा. कुणी रागावलं होतं, की कुणाला वाटलं माणूस घर सोडून गेला, ते कळायला मार्ग नव्हता. दाजींचा डावा हात मात्र आवाज ऐकताच उचलला जायचा, थोडा वेळ हवेत थांबायचा आणि पांघरुणावर परत यायचा. ताईने हे एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि तिसऱ्यांदा बंबाचा आवाज आला तेव्हा ती उठून स्वयंपाकघरात गेली.

"घंटेचं विचारतात रे," तिने भावाला सांगितलं. "नुसतं बोट वर करतात. मी सांगितलं, घंटा बिघडलीय."

मिस्त्रीच्या डोक्यात एक खूळ आलं. त्याने एका बंद पडलेल्या शाळेच्या रखवालदाराकडून पितळी घंटा मागून आणली. संध्याकाळी बंब येताना दिसला तसा तो वरच्या रस्त्यावर भिंतीला चिकटून उभा राहिला आणि बंब समोर आल्याबरोबर ठणकन एक टोला दिला. बंबावरच्या माणसांनी वळून त्याच्याकडे असं पाहिलं, की याला वेड लागलंय का? तो धावत पुढच्या बोळातून फिरून मागच्या दाराने आत आला. दाजी दाराकडेच बघत होते. त्यांनी हात वर केला नव्हता. मिस्त्रीला बघून त्यांनी मान हळूच डावीउजवीकडे हलवली. ही ती घंटा नाही. तीस वर्षं एकच घंटा वाजवलेल्या माणसाला शाळेच्या घंटेने फसवायला निघालेल्या मिस्त्रीला स्वतःची लाज वाटली.

इकडे खालच्या गल्लीचं नशीब उघडलं होतं म्हणे. फिरलेल्या दारांची पट्टी जमा झाली आणि गावाने गटाराचं काम काढलं. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कमरेएवढा चर खणला. मग ठेकेदाराचं आणि नगरपालिकेचं बिनसलं आणि काम जिथल्या तिथे थांबलं. चरात पाणी साचलं. लोक घराघरांसमोर फळ्या टाकून ये-जा करायला लागले. इस्त्रीवालीने आपलं टेबल उचलून आत घेतलं आणि मिस्त्रीला म्हणाली, "आलं बघा तुमच्या वरच्यांच्या पट्टीचं गटार." एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक होतं. पण गटाराचा खर्च वाढला म्हणून गावाने घरपट्टीही वाढवली, आणि ती सगळ्यांना सारखी. वरून पळून आलेल्यांनाही आणि जन्मापासून चिखलात राहणाऱ्या इस्त्रीवालीलाही. आगीतून निघालेले फुफाट्यात पडले ते पडले, पण जी आगीजवळ कधी गेलीच नव्हती तिलाही चटका बसला.

ती दुपार उतरायला लागली होती. मिस्त्री ताईच्या मोरीचा पाइप दुरुस्त करत होता. बाहेरच्या खोलीतून ताईने हाक मारली, आणि तो पान्हा टाकून धावला. दाजींचा श्वास घुंगरासारखा वाजत होता. ओठ काळेनिळे. डोळे सताड उघडे.

ताईने खालच्या नगरपालिकेला फोन लावला. त्यांची एकुलती एक रुग्णवाहिका दुरुस्तीला गेलेली. मग शहराच्या दलाला लावला. पलीकडच्या माणसाने पत्ता विचारला, काहीतरी तपासलं आणि म्हणाला की हे घर आता खालच्या गावात येतं, तिकडेच सांगा. ताई कधी कुणावर ओरडली नव्हती. ती ओरडली, "तुमचा बंब कोण चालवत होतं ते विचारा तिथे कुणाला तरी!" थोडा वेळ नुसती खरखर ऐकू आली. मग दुसरा आवाज आला, जाडा, वयस्क. दाजींच्या बंबावर पाण्याचा पाइप धरणारा त्यांचा जुना जोडीदार होता तो. सगळे त्याला पाइपवालाच म्हणत. "वहिनी, गाडी घेऊन निघालो. खालच्या गल्लीत चर आहे, गाडी शिरणार नाही. वरच्या रस्त्याला येतो."

आता दाजींना बाहेर न्यायचे दोन मार्ग होते. एक, मागच्या दाराने, फळीवरून चर ओलांडून, मग चिखलातून गल्लीच्या टोकापर्यंत आणि तिथून चढ चढून वळसा घेत वरच्या रस्त्यावर. पलंगासकट न्यायला चार माणसं लागली असती आणि फळी एका माणसाची. दुसरा मार्ग समोर होता, पलंगापासून दहा पावलांवर. मध्ये फक्त भिंत.

मिस्त्रीने क्षणभरही विचार केला नाही. माझीच भिंत, असं त्याला वाटलं. मी बांधली, मी पाडतो. त्याने घण घेतला, कडी काढली आणि दाराच्या दोन्ही फळ्या खाडकन उघडल्या.

वीट. चौकटभर लालभडक वीट, ओळीत बसवलेली, एकही रेघ वाकडी नाही.

ताईने तोंडावर हात घेतला. दाजी बघत होते. ज्या दारातून रस्ता दिसायचा त्या दारात भिंत होती, आणि भिंतीसमोर त्यांचा मेहुणा घण घेऊन उभा होता. मिस्त्रीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. घण उचलला आणि हाणला.

भिंतीचा टवका उडाला. तेवढंच. त्याने पुन्हा हाणला. पुन्हा. हात झिणझिणले. दुसऱ्या कुणाकडची पातळ भिंत असती तर एव्हाना कोसळली असती. पण हिला त्याने दात दिले होते, सिमेंट पाजलं होतं, आठवडाभर लेकरासारखं न्हाऊ घातलं होतं. तो शिव्या देत होता, कुणाला ते त्यालाच ठाऊक नव्हतं. शहराला, गावाला, तपासनिसाला, स्वतःच्या हातांना. घाम डोळ्यांत जात होता. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. मग पाइपवाल्याचा आवाज, भिंतीपलीकडून, दबलेला: "बाजूला व्हा, आम्ही बाहेरून फोडतो!"

त्या क्षणी घण खाली ठेवताना त्याने पहिल्यांदा दाजींकडे पाहिलं. दाजींचे डोळे भिंतीवर होते. ओठ हलले. मिस्त्री वाकून कान जवळ घेऊन गेला.

"प…क्कं," दाजी म्हणाले.

एवढंच. त्यात राग होता की कौतुक, हे त्याला त्या वेळी कळलं नाही आणि पुढे कधीच कळलं नाही.

बाहेरच्यांनी पहारी आणि यंत्र लावून भगदाड पाडलं. विटांच्या धुरळ्यातून पाइपवाला आत आला, दाजींचा हात हातात घेतला आणि "चला उस्ताद, गाडी आपलीच आहे," म्हणाला. त्यांना त्या भगदाडातून बाहेर काढलं. रस्त्यावर उन्हं होती. गाडी निघताना घंटा वाजली, नेहमीची, तीच. मिस्त्री भगदाडात उभा होता, त्याने बघितलं, की दाजींचा डावा हात पांघरुणावरच पडून होता.

ते इस्पितळापर्यंत पोचले, पण त्या रात्रीतून बाहेर आले नाहीत. डॉक्टरांनी वेळेबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि विचारायची छाती मिस्त्रीला झाली नाही. भिंत नसती तर ते वाचले असते का? कदाचित नाही. कदाचित हो. हा प्रश्न त्याच्या उशाशी कायमचा राहायला आला.

महिना उलटायच्या आत तपासनीस आला. भगदाडावर ताईने जुनी चादर टांगली होती. ती त्याने कांबीने बाजूला सारली. माणूस वाईट नव्हता, आवाज खाली ठेवून बोलत होता. "वहिनी, झालं ते वाईट झालं. पण इथून ये-जा होऊ शकते. म्हणजे नियमाने हे दारच. शहराची पट्टी लागणार."

"मागचं दारही आहे," ताई म्हणाली. "तिकडची पट्टी भरलीय मी."

"त्यांचं ते बघतील. आमचं आम्हाला."

पेन्शन आता अर्धी झाली होती. ताईने त्याला पाणी विचारलं, तो नको म्हणाला, निघून गेला. संध्याकाळी मिस्त्री आला तेव्हा ती दाजींच्या रिकाम्या पलंगावर बसली होती.

"बुजव," ती म्हणाली.

"ताई, मी पट्टी देतो. शहराची. मी भरतो, तू…"

"तू कुठून भरणार? त्या खोलीचं भाडं भागेना तुझं." तिने चादरीकडे पाहिलं. "बुजव रे. वारं येतं रात्रीचं."

सकाळी तो जुन्याच विटा गोळा करून बसला. फुटलेल्या बाजूला ठेवल्या, अख्ख्या पुसून घेतल्या. सिमेंटची पिशवी उघडायला गेला, तेव्हा ताई आतून येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली.

"ते नको घालूस," ती म्हणाली. "या वेळी कच्चं कर."

त्याने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्याने खालच्या गल्लीत जाऊन चराच्या काठचा चिखल पाटीत भरून आणला आणि त्यातच विटा लावल्या. दात पाडले नाहीत. पाणी मारलं नाही. बाहेरून गिलाव्याचा नुसता हात फिरवला, कांब जपून वाजली तर टिकेल एवढाच. आयुष्यात पहिल्यांदा त्याने भिंत सरळ बघायचा ओळंबा पिशवीतून काढला नाही. शेवटची वीट बसवून तो बाहेर थांबला. पलीकडे ताई होती. तिने आतून भिंतीवर तळहात टेकवल्याचा आवाज आला, मग थोडा जोर दिल्याचा.

"हलते का रे?" तिने विचारलं.

त्याने आपल्या बाजूने विटेवर हात ठेवला. "हलते," तो म्हणाला.